गाडीत बसवलेल्या ड्रॉवर-संचाबाबत आणि चुकीच्या सामान-तक्त्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: ड्रॉवर-संचातील दोष, त्यासोबत दिलेला धोकादायक सामान-तक्ता आणि नाकारलेली वॉरंटी यांबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी बनवलेला दोन ड्रॉवरांचा साठवण-संच, त्यावरचा सरकता ओटा आणि टपावरचे कॅरिअर मी विकत घेतले असून हे सर्व आपल्याच फिटरने नागपूरच्या वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीला बसवून दिले आहे. त्यातील दोषांबद्दल मी पूर्वी केलेल्या तक्रारीला आपल्या कार्यालयाने दोन ओळींत उत्तर दिले, की सामान चुकीच्या पद्धतीने आणि जादा वजनाचे भरल्यामुळे बिघाड झाला आहे आणि कच्च्या रस्त्यावरील वापर वॉरंटीत बसत नाही. ही दोन्ही कारणे मला मान्य नाहीत. सामान मी माझ्या मनाने भरलेले नव्हते; कोणती वस्तू कुठे ठेवायची याचा छापील तक्ता आपणच ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवून दिला आहे आणि गॅसची जागा सोडली तर मी तो जसाच्या तसा पाळला. कच्च्या रस्त्याबद्दल म्हणाल, तर आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर नदीच्या पात्रातून जाणारी गाडी छापलेली आहे. विकताना नदी आणि वॉरंटी देताना डांबरी रस्ता, हा हिशेब मला समजलेला नाही.

मी अचलपूर तालुक्यातील संत्रा उत्पादक शेतकरी आहे. बागेतली तोड आटोपली, हाताशी थोडी सवड असली, की मी, पत्नी, मुलगा आणि मेव्हणे असे चौघे तंबू घेऊन बाहेर पडतो. मेळघाटच्या राखीव जंगलात आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही, म्हणून आमचा मुक्काम धारणीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांच्या वावरात, त्यांना विचारून, असतो. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल असा घाटाचा रस्ता आणि शेवटी पांदण, एवढाच काय तो आमचा ऑफ-रोड. संच ठरवताना हा सगळा वापर मी आपल्या विक्री प्रतिनिधीला सविस्तर सांगितला होता आणि त्याने हा संच अशाच रस्त्यांसाठी बनवलेला असल्याचे लेखी कळवले होते. त्या संदेशाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आता तक्त्याविषयी. आपला तक्ता २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन टपावरच्या कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधायला सांगतो. म्हणजे ४० किलो पाणी गाडीच्या सर्वांत उंच आणि सर्वांत मागच्या जागी. आमच्याकडे बैलगाडीत कापूस किंवा पोती भरणारा माणूसही भार आसावर बेताने यावा हे पाहतो. मागे जास्त झाला तर जू वर उचलले जाते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गाडीचेही वेगळे नाही. मागच्या चाकांच्या पलीकडे वजन वाढले की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा ताबा कमी होतो, तर टपावर वजन वाढले की तिरप्या उतारावर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. घटांगच्या वळणांवर मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या. शिवाय गाडीच्या मूळ पुस्तिकेत टपावरील वजनाची जी मर्यादा दिली आहे, तिच्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. आपल्या कॅरिअरचे वजन ना पावतीवर आहे, ना माहितीपत्रकात, ना तक्त्यावर. संपूर्ण संचाचे वजनही कुठेच छापलेले नाही. चार माणसे बसवल्यावर अशा गाडीत सामानासाठी फारसा वाव उरत नाही आणि त्यातला मोठा हिस्सा आपला रिकामा संचच खातो, हे ग्राहकाला आधी कळायला हवे होते.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जे घडले, ते मी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या रचनेतला मुख्य दोष तिथे उघडा पडला. पांदणीवर काळी माती होती. ही माती ओली झाली की टायरच्या खाचा काही क्षणांत भरून जातात आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. तिथे चारही चाकांना ताकद असून उपयोग नसतो. मागचे डावे चाक जुन्या चाकोरीत उतरले आणि गाडी तिरपी होऊन अडकली. अशा वेळी लागणाऱ्या वस्तू म्हणजे फावडे, टोचनचा पट्टा, तो अडकवायची शॅकल म्हणजे लोखंडी कडी, जॅक आणि जॅकखाली ठेवायची फळी. आपल्या तक्त्यानुसार या सगळ्या वस्तू खालच्या ड्रॉवरच्या अगदी आतल्या टोकाला, स्वयंपाकाच्या भांड्यांच्या मागे होत्या, कारण तक्त्यात त्यांचे वर्णन ‘क्वचित लागणाऱ्या वस्तू’ असे केले आहे. त्या क्वचितच लागतात हे खरे, पण लागतात तेव्हा गाडीतले दुसरे काहीही काढायच्या आधी लागतात, हे ज्याने कधी चिखलात गाडी घातली आहे अशा कोणालाही सांगता आले असते.

तरीही तो ड्रॉवर उघडला असता तर मी एवढी तक्रार केली नसती. तो उघडलाच नाही. गाडी तिरपी होताच संचाची चौकट पिळली गेली, कारण तिच्या मागच्या बाजूला ना पूर्ण पाठ आहे, ना तिरपा आधार, आणि ड्रॉवर चॅनेलमध्ये, म्हणजे ज्या पट्ट्यांवर तो सरकतो त्यांत, अडकून बसला. भर पावसात वरचा ओटा सोडवून, अंथरुणे, तंबू आणि शिधा चिखलात ताडपत्रीवर मांडून आम्ही ड्रॉवरच्या वरून हात घालत एकेक वस्तू काढली. शेवटी जवळच्या वावरातला ट्रॅक्टर आला म्हणून गाडी निघाली. अंथरुणे आणि तंबू मात्र खराब झाले ते झालेच.

त्याच प्रवासातून परतताना याच्या उलट घडले. घाटाच्या चढावर खालचा ड्रॉवर आपोआप मागे सरकला आणि मागच्या दाराला टेकून राहिला. चढावर मागे तोंड असलेल्या ड्रॉवरचा भार मागेच येणार, म्हणून त्याला बंद स्थितीत आणि पूर्ण उघड्या स्थितीत, दोन्हीकडे धरून ठेवणारी कडी असावी लागते. आपण घरच्या कपाटाला असते तशी चुंबकाची पट्टी दिली आहे. सेमाडोहच्या पुढे थांबून मेव्हण्यांनी मागचे दार उघडले, तेव्हा सगळा भार घेऊन ड्रॉवर बाहेर आला आणि त्यांच्या नडगीला मार लागला. परतवाड्यातील दवाखान्याची कागदपत्रे सोबत आहेत.

आपल्या उत्तरात जादा वजनाचा उल्लेख आहे, म्हणून हेही सांगतो, की घरी आल्यावर मी त्या ड्रॉवरमधील प्रत्येक वस्तू संत्र्याचे क्रेट मोजण्याच्या काट्यावर मोजली. एकूण भार ५२ किलो भरला. आपल्या तक्त्यावर प्रत्येक ड्रॉवरची क्षमता ६० किलो लिहिली आहे, म्हणजे मी मर्यादेच्या आतच होतो. पण आमच्या गावच्या सुताराने ड्रॉवर उतरवला, तेव्हा टेलिस्कोपिक चॅनेलवर उत्पादकाचा ठसा दिसला आणि त्यात चॅनेलच्या एका जोडीची क्षमता ४५ किलो दिली आहे. छायाचित्र सोबत आहे. हा आकडासुद्धा एका जागी स्थिर असलेल्या फर्निचरचा. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा त्याच चॅनेलवर क्षणभर त्याच वजनाचा कितीतरी अधिक दाब येतो. ४५ किलोचे चॅनेल लावून ६० किलोचे लेबल चिकटवणे ही छपाईची चूक आहे की आणखी काही, याचा खुलासा आपणच करावा.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी दिसल्या. संच गाडीच्या मूळ सीटच्या बोल्टांना किंवा सामान बांधायच्या कड्यांना जोडलेला नसून तळाच्या पत्र्यात आखूड स्क्रू मारून बसवलेला आहे. त्यांपैकी काही ढिले झाले होते आणि कुठेही लॉक नट नव्हते. जोरात ब्रेक लागला किंवा समोरून धडक बसली, तर हा भरलेला संच थेट मागच्या सीटवरील माणसांच्या पाठीवर येईल, आणि तिथे माझा मुलगा बसतो. दुसरे म्हणजे, माहितीपत्रकात आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, वापरल्याचे लिहिले आहे, पण एकाही फळीवर त्या मानकाचा शिक्का सापडला नाही आणि एका पावसाळ्यातच कडा फुगून थर सुटले आहेत.

गॅसबाबत मात्र मला अधिक कडक शब्दांत लिहावे लागत आहे. आपल्या तक्त्यात ५ किलोचा सिलिंडर खालच्या बंद ड्रॉवरमध्ये दाखवला आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचून राहतो, आणि आपल्या ड्रॉवरला तळाशी एकही छिद्र नाही. शेगडीसाठीचे लहान गॅसचे डबे मागच्या काचेला लागून असलेल्या जाळीत ठेवायला सांगितले आहे. अशा डब्यांवर ते ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नयेत अशी सूचना असते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या पुढे जातो; मग उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या काचेजवळ काय होत असेल याचा विचार तक्ता तयार करणाऱ्याने केलेला दिसत नाही. आम्ही गॅस त्या जागी कधीच ठेवला नाही, पण तक्ता अजूनही इतर गाड्यांमध्ये चिकटवलेला असणार.

मागच्या दाराचे रबर आपल्या चौकटीखाली दबल्यामुळे आत धूळ येते, ही तक्रार वरच्यांच्या मानाने किरकोळ आहे. तिची नोंद मात्र घ्यावी.

सध्या संच उतरवून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवला आहे. त्याच्या जागी आम्ही संत्र्याचे प्लास्टिकचे क्रेट वापरतो. जड क्रेट तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला अगदी खेटून, रॅचेट पट्ट्यांनी मूळ कड्यांना आवळलेले. पाणी त्यांच्यातच, टपावर फक्त तंबू आणि हलकी अंथरुणे. फावडे आणि टोचनचा पट्टा दार उघडताच हाताला लागेल असा. क्रेटमध्ये सामान सुटसुटीत दिसत नाही हे मान्य आहे. पण गाडी तिरपी झाली तरी क्रेट उचलता येतो, आणि आपल्या संचाने नेमके तेच होऊ दिले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. संच आणि कॅरिअर आपल्या खर्चाने परत न्यावे आणि बसवण्याच्या शुल्कासह संपूर्ण रक्कम परत करावी. तळपत्र्याला पाडलेली छिद्रे गंज लागण्यापूर्वी योग्य रीतीने बुजवून द्यावीत. मेव्हण्यांच्या उपचारांचा आणि खराब झालेल्या सामानाचा खर्च भरून द्यावा. ज्यांनी हा संच घेतला आहे त्या सर्व ग्राहकांना चॅनेलची खरी क्षमता, संचाचे वजन आणि गॅस तसेच टपावरील पाण्याबाबतची दुरुस्ती लेखी कळवावी. ही शेवटची मागणी पैशांच्या बदल्यात सोडून देण्याची माझी तयारी नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार सदोष रचना, जाहीर केलेल्या वर्णनाशी न जुळणारा माल आणि वापराच्या अपुऱ्या सूचना यांमुळे झालेल्या हानीसाठी उत्पादक जबाबदार ठरतो, आणि याच कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत वरील मागण्यांवर लेखी आणि मुद्देसूद उत्तर न आल्यास मी अमरावती येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. संच, चॅनेल आणि चिकटवलेला तक्ता आहे त्या स्थितीत जपून ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञाला तो पाहायचा असल्यास त्याने आधी कळवून यावे.

कळावे.

आपला ग्राहक,
(सही)
तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती