पोहण्यापुरतं पाणी इंजिनांपासून वेगळं करा

मा. बंदरे विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी मालवणची माहेरवाशीण, राहते कोल्हापुरात. दरवर्षी थंडीत घरातली आठ-नऊ माणसं गोळा करायची, देवबागला होडी ठरवायची आणि कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या बेटाशी मनसोक्त पोहायचं, हा आमचा शिरस्ता. त्या बेटाला आता सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं, असं गावात सांगतात.

या सहलीची तारीख मी सुट्ट्या बघून ठरवत नाही, तिथी बघून ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हे वडिलांनी शिकवलेलं. षष्ठीला भरती साडेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वादहाच्या आसपास. घड्याळ थोडं मागंपुढं होतं, पण बेत चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार, वाळू आणि गाळ ढवळून निघतो. अष्टमी जवळ आली की भांग लागतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, पाणी निवळतं. त्यातही ओहोटीला नदी आपला गढूळपणा बाहेर घेऊन येते आणि भरती लागली की समुद्राचं नितळ पाणी आत शिरतं. म्हणून षष्ठी-सप्तमी, सकाळी अकरा ते एक. त्यानंतर वारा सुटतो आणि पाणी खवळायला लागतं. पण त्या दोन तासांत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायाची नखं मोजता येतात. आमचा नेहमीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, फोनवर एवढंच म्हणतो, ‘भांगाक येवा, उधानाक काय दिसाचा नाय.’

इतकं सगळं जुळवून गेल्या खेपेला आम्ही पोचलो, तर आमच्यासारख्याच तीसेक होड्या आधी लागलेल्या. तक्रार गर्दीची नाही. नितळ पाणी काही आमच्या एकट्याचं नव्हे. पण ज्या पाण्यात पोरं डुबक्या मारत होती, त्याच पाण्यातून जेट स्की फिरत होत्या, बनाना राइड ओढणारी स्पीडबोट वळत होती आणि नवी होडी मागं घेत कुणीतरी नांगर टाकत होतं. माझा नऊ वर्षांचा भाचा पाण्याखाली शंख शोधत होता. तो वर आला तेव्हा एका होडीचा पंखा त्याच्यापासून दोन हातांवर फिरत होता. होडीवरच्या पोराचाही चेहरा पांढरा पडला. त्याला पाण्याखालचं डोकं दिसणार कसं? त्याचं लक्ष मागच्या होडीवर.

भाच्याच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, हे मी लपवत नाही. होडीत मिळालं ते मोठ्या माणसाचं होतं, बकल तुटलेलं, त्याजागी जाळ्याचा नायलॉन दोरा बांधलेला. घातलं की त्याच्या कानापर्यंत यायचं. शेवटी त्यानं काढून ठेवलं आणि मी काही बोलले नाही.

साहेब, २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या बोटीला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली. अशा प्रत्येक वेळी बोलणं लाइफ जॅकेटपाशी येतं, आणि ते यायलाच हवं. पण जॅकेट माणसाला तरंगतं ठेवतं, फिरता पंखा थांबवत नाही. पोहणारा आणि इंजिन एकाच पाण्यात नकोत, एवढं एकच मागणं घेऊन मी हे पत्र लिहिते आहे.

बेटाच्या एका अंगाला, समजा पन्नास मीटर, दोरीला बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावून पाणी आखून द्या. आत इंजिन नाही, नांगर नाही. जाळ्याला पिढ्यानपिढ्या बोये लावणाऱ्या गावाला हे शिकवावं लागणार नाही. दर पावसाळ्यात वाळू सरकते, बेटाचा आकार बदलतो, त्यामुळे मुंबईत नकाशावर रेघ मारून भागणार नाही. होड्या पुन्हा पाण्यात उतरण्याआधी दरवर्षी नव्यानं आखावं लागेल. ते काम तिथल्या तांडेलांवर आणि मच्छीमारांवर सोपवा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. (हे शेवटचं मुद्दाम लिहिलं.)

तेच बोये सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही हवेत, वेगळ्या कामासाठी. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, प्रवाळ बघायला लोक येतात आणि येणारी होडी नांगर टाकते तो कधीकधी त्या प्रवाळावरच. तळाशी एकदा पक्का बांधलेला बोया असला की होडीनं दोर अडकवायचा, नांगर होडीतच राहतो.

आणि धक्क्यावर एक फळा. आजची भरती-ओहोटी, होडीत किती माणसं, परत यायची वेळ. खडूनं लिहिला तरी चालेल, उद्घाटनाची गरज नाही.

होड्या बंद करा असं मी म्हणत नाही. माझ्या माहेरची अर्धी घरं त्यावर चालतात. जेट स्की चालवणाऱ्या पोरांनाही स्वतःचं पाणी मिळालं तर ती सुखानं धंदा करतील. आज त्यांना पोहणारे चुकवत फिरावं लागतं आणि आम्हाला ते.

यंदाही आम्ही पौष वद्य षष्ठीला, सकाळी साडेदहाला देवबागच्या धक्क्यावर असू. आपण यावं. होडीत अकरा जागा आहेत, आम्ही नऊ जण आहोत, तेव्हा सोबत एकच माणूस आणता येईल.

आपली,
मालवणची एक माहेरवाशीण