हायफन हा नावाचाच भाग आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांना हायफनवाली जोडनावं, म्हणजे ज्याँ-पॉलसारखी दोन नावं मधे छोटी आडवी रेघ टाकून जोडलेली नावं, ठेवावीत का, यावर वाचकांची मतं आपण छापलीत. बहुतेकांचा सूर असा की आईबापांची हौस होते आणि मूल जन्मभर अर्ज दुरुस्त करत बसतं. शाळेच्या कार्यालयात मुलांची नावं नोंदवण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षं गेली, त्यामुळे हा त्रास मी जवळून पाहिला आहे. त्याचं खापर मात्र आईबापांच्या माथी फोडलेलं मला पटत नाही.

त्रास होतो कसा, ते आधी सांगते. अर्जात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. टंकणाऱ्यानं हायफनच्या जागी मोकळी जागा सोडली, की नावाचा दुसरा भाग मधल्या रकान्यात जाऊन बसतो. पुढच्या यादीत त्याचं नुसतं आद्याक्षर उरतं आणि त्याच्या पुढच्या यादीत तेही जातं. दुसरा कोणी दोन्ही भाग सलग चिकटवून टाकतो. आपल्या डोळ्यांना ही तिन्ही नावं एकाच मुलाची वाटतात, संगणकाला मात्र तीन वेगळी मुलं दिसतात. एक आई असेच तीन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. जन्माच्या दाखल्यावर हायफन होता, लसीकरणाच्या कार्डावर मोकळी जागा, आणि आधीच्या शाळेच्या दाखल्यावर सगळं सलग. ही तिन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं प्रतिज्ञापत्र तिच्याकडून एका कार्यालयानं मागितलं होतं. तिनं भरलेल्या अर्जांच्या प्रती तिच्याजवळ होत्या आणि प्रत्येक अर्जात हायफन अगदी स्वच्छ काढलेला होता. चुका दुसऱ्यांनी केल्या आणि शपथ तिनं घ्यायची! हे मला तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही.

यावर लोक म्हणतात, "यंत्राला हायफन कळत नाही, त्याला कोण काय करणार?" यंत्राला जे शिकवावं ते कळतं. पासपोर्टचंच पाहा. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या ओळी ठरवून दिल्या आहेत, त्यांत हायफनला जागा नाही. त्याऐवजी तिथे '<' असं एक कोनाकृती भरणचिन्ह पडतं. पण हे लेखी ठरलेलं आहे, सगळ्या देशांत सारखं आहे आणि वरच्या भागात, माणसानं वाचायच्या जागी, हायफन शाबूत ठेवता येतो. म्हणजे नियम एकच असला की भागतं. घोळ होतो तो प्रत्येक खिडकीवर ज्याचा त्याचा नियम असल्यामुळे. आणि ऑनलाइन अर्जात 'फक्त अक्षरे भरा' असा लाल संदेश येतो, तोसुद्धा कुणीतरी माणसानंच लिहून ठेवलेला असतो. तो बदलायला फार मोठी विद्या लागत नाही.

ही नावं म्हणजे नवं खूळ आहे, असंही एका पत्रात होतं. फ्रेंचमध्ये लिहिणारा विचारवंत ज्याँ-जाक रूसो 1712 साली जन्मला, म्हणजे अशी नावं तेव्हाही होती. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्यानं मुलांना कोणती नावं ठेवता येतील यावर बंधन घातलं: पंचांगांमध्ये चालत आलेली नावं आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावं, एवढीच. हा कायदा पूर्णपणे सुटायला 1993 साल उजाडलं. अशा बंधनात राहून लोकांनी मंजूर नावांच्याच जोड्या लावल्या आणि ज्याँ-पॉल, ज्याँ-पिएर, मारी-क्लेर अशी नावं घराघरांत रुळली. तिथे आद्याक्षरं लिहितानासुद्धा दोन अक्षरांच्या मध्ये हायफन ठेवतात, इतका तो नावात मुरलेला आहे. जर्मनीत कार्ल-हाइन्झ, हान्स-पेटर ही आजोबांच्या पिढीची नावं. आजचे राष्ट्राध्यक्षही फ्रँक-वाल्टर आहेत. 2018 च्या नोव्हेंबरपासून तिथे आपल्या अनेक नावांचा क्रम बदलून घेता येतो. हायफननं जोडलेल्या नावाची मात्र उलटापालट करता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते एकच नाव आहे. मला जे म्हणायचं आहे, ते तिथल्या कायद्यानं मान्यच केलं आहे.

उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाची बाळांच्या लोकप्रिय नावांची यादी जगभर वाचली जाते. ती करताना हायफन आणि मोकळ्या जागा काढून टाकतात. ज्युली-अ‍ॅन, ज्युली अ‍ॅन आणि ज्युलीअ‍ॅन या तिन्ही मुली एकाच नावाखाली मोजल्या जातात. तशी यादी बघून 'अशी नावं कोण ठेवतंय?' म्हणण्यात काय अर्थ आहे?

दोन वडीलधाऱ्यांची आठवण एका नावात ठेवणं म्हणजे वाद मिटवण्याची पळवाट, असं एका वाचकांना वाटतं. 1978 मध्ये नव्या पोपनी आपल्या आधीचे दोन पोप, तेविसावे जॉन आणि सहावे पॉल, यांची नावं एकत्र करून 'जॉन पॉल' हे नाव घेतलं आणि पोपच्या परंपरेत पहिलं जोडनाव आलं. दोघांविषयीचा आदर एका नावात मावू शकतो. घरातल्या दोन आज्यांचा का मावू नये?

इथे आईबापांना मात्र कळकळीनं एक सांगायचं आहे. जोडनाव ठेवलंत, तर त्या पूर्ण नावानंच हाक मारा. आईच्या माहेरच्यांनी पहिला भाग उचलायचा, वडिलांच्या घरच्यांनी दुसरा, आणि मुलानं कुणाकडे कुठलं नाव चालतं हे लक्षात ठेवायचं, हा मुलावर अन्याय आहे. आमच्याकडे पहिलीत एक मुलगा होता. बाई हजेरीत त्याच्या नावाचा पहिलाच भाग घ्यायच्या आणि तो गप्प बसायचा. त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या पडू लागल्या, तेव्हा त्याला माझ्याकडे पाठवलं. मी विचारलं तर शांतपणे म्हणाला, "ते अर्धंच आहे." त्याच्या घरी सगळे त्याला पूर्ण नावानं हाक मारत होते, म्हणून एवढ्याशा पोराला ते ठामपणे सांगता आलं. मी हजेरीपटावर नाव दुरुस्त करून दिलं आणि बाईंनीही ते मनापासून स्वीकारलं.

नाव निवडताना ते मोठ्यानं उच्चारून पाहावं. ज्याँ, कार्ल, हान्स, अ‍ॅन असे जोडनावांतले पहिले भाग बरेचदा छोटे असतात, म्हणून एका दमात पूर्ण हाक मारता येते. चार-चार अक्षरांचे दोन भाग जोडले, तर घरचेच आठवड्याभरात एक भाग गाळतील. आडनावही जोडलेलं असेल तर आणखी विचार करावा. आणि पहिल्या दाखल्यावर हायफन नीट उमटला आहे ना, हे खिडकीतून हलण्यापूर्वी तपासून घ्यावं. पुढचे सगळे कागद त्याच्याच आधारे होतात.

आता आपल्याकडे एक मागणं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या माजी सरचिटणीसांचं नाव मराठी वृत्तपत्रांत वर्षानुवर्षं 'बान की मून' असं छापलं गेलं. बान हे त्यांचं आडनाव आणि की-मून हे एक नाव. रोमन लिपीत ते हायफननंच लिहितात. हायफन गेल्यामुळे 'मून म्हणाले' अशी वाक्यं वाचायला मिळाली, म्हणजे एका मोठ्या पदावरच्या माणसाला त्याच्या अर्ध्या नावानं संबोधलं गेलं. फ्रेंच लेखक ज्याँ-पॉल सार्त्रचंही आपल्याकडे बहुधा 'ज्याँ पॉल' होतं. आपल्या मुद्रितशोधकांना एवढी एक सूचना द्यावी, की ज्याच्या नावात हायफन आहे त्याचा तो छापताना राहू द्यावा. निकालाच्या, बक्षिसांच्या, स्पर्धांच्या याद्या आपण छापता, त्यांनाही हाच नियम लावावा. त्या याद्यांची कात्रणं मुलं जपून ठेवतात.

आपली,
एक निवृत्त शालेय लिपिक