मुलांच्या उत्तरासाठी थांबायला हवे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलांना चारचौघांत धीटपणे बोलता यावे म्हणून पालकांनी काय करावे, याविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला मजकूर वाचला. मुलांच्या बोलण्याकडे पालक इतक्या आस्थेने पाहू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु व्यासपीठावरून न अडखळता बोलणे आणि समोरच्या माणसाशी संवाद साधणे या दोन गोष्टींची त्यात गल्लत झाली आहे, असे मला वाटते. स्पर्धेसाठी पाठ केलेले भाषण करताना समोरच्याचे काहीच ऐकावे लागत नाही. संभाषणात मात्र आपले पुढचे वाक्य समोरच्याने आत्ता काय म्हटले यावर ठरते. ही सवय मुलाला रोज त्याच्याशी बोलणाऱ्या मोठ्या माणसांकडून लागते, आणि प्राथमिक वर्गांना अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की तिच्या आड सर्वांत जास्त येते ती मोठ्यांची घाई.

मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती बारकाईने तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे त्यांना आढळले. हेच थांबणे ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण वर्गात घड्याळ लावून गप्प उभे राहून पाहावे, म्हणजे ते किती जड जातात हे कळते. मोठ्यांच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो, कारण समोरचा बोलत असतानाच आपली जुळवाजुळव सुरू झालेली असते. लहान मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग शब्द शोधायचे असतात, मग ते जुळवायचे असतात. एवढ्या अवधीत आपला धीर सुटतो.

‘आज मधल्या सुट्टीत ना, माझा दात... म्हणजे तो हलत होता ना...’ एवढे बोलून मूल थांबते. हात हवेतच असतो, नजर वर लागलेली असते. पुढचे वाक्य तयार होत असते. नेमक्या त्याच क्षणी आपण विचारतो, ‘पडला का? दाखव बघू. दुखलं का? बाईंना सांगितलंस का?’ झाले, मुलाच्या वाट्याला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच उरले. आपण नुसते ‘मग?’ म्हणून गप्प राहिलो असतो, तर बाकाखाली शिरून तो दात शोधणाऱ्या मैत्रिणीची सगळी हकिकत कानावर आली असती, आणि मुलाला खरे तर तीच सांगायची होती.

घरात बोलणे पुष्कळ आहे, सतत काही ना काही मुलाच्या कानावर पडते, म्हणून निश्चिंत राहणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. गोष्ट ऐकताना मुलाच्या मेंदूतील भाषेशी निगडित भाग किती सक्रिय होतो, याचा संबंध त्याच्या कानावर पडलेल्या शब्दांच्या नुसत्या संख्येपेक्षा मोठ्यांशी झालेल्या बोलण्याच्या देवाणघेवाणीशी अधिक आहे, असे त्यात दिसले. मुलाला समोर बसवून केलेला लांबलचक उपदेश, हेतू कितीही चांगला असला तरी, या देवाणघेवाणीत मोडत नाही. मोबाईलविषयी बरेच लिहिले गेले आहे. इतकेच म्हणेन, की मूल बोलत असताना पडद्यावर खिळलेली आपली नजर त्याला बरोबर दिसते.

मुलांना ऐकायला शिकवायचे कसे, हा याहून अवघड प्रश्न आहे. ‘नीट लक्ष दे’ या आज्ञेने काही साधत नाही, त्यासाठी करण्याजोगे काम द्यावे लागते. वर्गात चर्चा करताना मी एक नियम ठेवत असे: आपले मत मांडण्यापूर्वी आधीचा मुलगा किंवा मुलगी काय म्हणाली ते, तिला मान्य होईल अशा शब्दांत, सांगायचे. सुरुवातीला मुले शेवटचे चार शब्द पाठ म्हणतात. मग ‘मी असं नव्हतेच म्हणाले’ अशी हरकत येते, आणि त्या हरकतीपासून खरे ऐकणे सुरू होते. दुसरा खेळ चित्राचा. एकाने आपल्या हातातील चित्राचे वर्णन करायचे आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बसलेल्या दुसऱ्याने ते ऐकून काढायचे. ‘झाड घराच्या कुठल्या बाजूला?’ असा प्रश्न आला, की सांगणाऱ्याला आपले सांगणे कुठे अपुरे पडले ते कळते.

लहान मुलांना आपल्याला समजलेले नाही, हेच पुष्कळदा उमगत नाही. म्हणून ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य त्यांना मुद्दाम शिकवायला हवे, आणि मूल ते म्हणेल तेव्हा ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ हे आपल्या तोंडून निघता कामा नये. एकदा असे ऐकवले गेले, की मूल न समजता मान डोलवायला शिकते. भाषेच्या शिक्षणात श्रवण, भाषण-संभाषण, वाचन आणि लेखन अशी चार कौशल्ये आपण मोजतो खरी, पण लेखी परीक्षा पहिल्या दोहोंना स्पर्शही करत नाही. वेळापत्रकातही त्यांना स्वतंत्र जागा मिळाली पाहिजे.

जे मूल ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार असते, त्याचे कान आधी तपासून घ्यावेत, अशी पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचून काही आठवडे कमी ऐकू येणे लहान वयात सर्रास घडते, आणि मुलाला स्वतःला ते सांगता येत नाही. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचे शब्द आपण पुरे करू नयेत, ‘सावकाश बोल’ असेही सुचवू नये. त्याच्याकडे पाहत, तो वाक्य संपवीपर्यंत थांबावे. काही मुले नजरेला नजर न देता अधिक चांगले ऐकतात; त्यांच्यावर ‘माझ्याकडे बघ’ अशी सक्ती करू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका