म्हशींना रविवार नसतो

ता. वाळवा, जि. सांगली
सोमवार, रात्री

चि. सुप्रियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. आईनं फोन स्पीकरवर टाकला. "एका पॉइंटनं गेली मॅच," एवढं तू बोललीस आणि मग नुसता तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज. आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बरं. जेव आणि झोप." फोन ठेवल्यावर तिनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षं खडू धरण्यात गेली. लिही म्हटलं तर लिहीन.

दिवाळीला तू ते पॅट समिटचं, त्या अमेरिकेतल्या बास्केटबॉल प्रशिक्षक बाईचं, जाडजूड इंग्रजी पुस्तक माडीवर विसरून गेलीस. (विसरलीस की मुद्दाम ठेवलंस, हे मी विचारत नाही.) संध्याकाळची धार झाली, डेअरीत दूध घालून आलो की शब्दकोश घेऊन बसतो. रोज दोन-तीन पानं. बास्केटबॉलचे डावपेच माझ्या डोक्यावरून जातात, पण ही बाई आपल्याच गोठ्यातली निघाली, म्हणून पुस्तक सुटेना.

प्रशिक्षक म्हणून तुझी पहिली मॅच एका पॉइंटनं गेली ना? तिचीही तशीच गेली होती. ७ डिसेंबर १९७४, मर्सरच्या संघाविरुद्ध, ८४-८३. बघायला माणसं होती ५३. आपल्याकडं बैल विकायला काढला तरी याहून जास्त माणसं गोळा होतात. तेव्हा ती होती २२ वर्षांची, तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. टेनेसी विद्यापीठात एम.ए.सारखं पुढचं शिक्षण घ्यायला आणि जमेल तशी मदत करायला आली, तोवर आधीच्या बाई गेल्या आणि संघ हिच्या गळ्यात पडला. पगार महिना २५० डॉलर. काही पोरी तिच्याहून जेमतेम एका वर्षानं लहान. व्हॅन तीच चालवायची, जर्सी तीच धुवायची, आणि त्या जर्सीही आधीच्या वर्षी पोरींनी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेल्या. त्यातच स्वतःचा अभ्यास, वर्गात शिकवणं आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याचा व्यायाम.

तुझं कॉलेज तुला हॉल सकाळी सहा ते साडेसातच देतं, म्हणून तू चिडतेस. चीड. पण पुढं वाच.

तिथंही पोरींना कुणी ताट वाढून ठेवलेलं नव्हतं. तिच्या थोरल्या भावाला खेळावर शिष्यवृत्ती मिळाली, आणि हिची फी आईबापांनी भरली, कारण मुलींना तशी शिष्यवृत्तीच नव्हती. १९७२ साली तिकडं कायदा आला, 'टायटल नाइन' म्हणतात त्याला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय, पण त्यावर सगळं उभं राहिलं. मुलींची एनसीएए स्पर्धासुद्धा, म्हणजे तिकडच्या कॉलेजांची देशपातळीवरची, १९८२ साली सुरू झाली. म्हणजे ती शिकवायला लागली तेव्हा जी स्पर्धा नव्हतीच, ती तिनं पुढं आठ वेळा जिंकली. पहिल्यांदा १९८७ला, शेवटची २००८ला, आणि मधे १९९६, ९७, ९८ अशी ओळीनं तीन वर्षं. त्यातल्या ९८च्या हंगामात ३९ सामने, ३९ विजय. ३८ वर्षांत एकूण १,०९८ जिंकले आणि २०८ हरले. आकडे तुला माझ्याहून पाठ आहेत, मी फक्त शिक्षकाच्या सवयीनं पुन्हा तपासले.

मला खरं लिहायचंय ते तिच्या वडलांबद्दल.

रिचर्ड हेड. क्लार्क्सव्हिलजवळचा शेतकरी. गाई, तंबाखू, गवत. तीन मुलगे, मग ही, मग धाकटी बहीण. दिवसभराचं काम उरकलं की भावंडं गवताच्या माळ्यावर बास्केटबॉल खेळायची. वडील बोलायला कमी. पोरगी बारा वर्षांची असताना तिला ट्रॅक्टरसकट गवताच्या रानात सोडून, काम सांगून, हा गडी निघून गेला. कसं करायचं ते तुझं तू बघ. बालवाडीपासून हायस्कूल संपेपर्यंत पोरीची शाळा एक दिवस बुडली नाही. गाई सुट्टी घेत नाहीत, हे त्या घरचं वाक्य. मी वाचलं आणि मोठ्यानं हसलो. 'म्हशींना रविवार असतो का गं?' हे मी तुला किती वेळा म्हटलं असेल! तू दहावीत असताना जिल्हा जिंकून आलीस, कप घेऊन दारात उभी राहिलीस, तेव्हाही मी तेच म्हटलं होतं. पाय धू आणि वैरण टाक. तू टाकलीसही. कप दोन दिवस पेंडीच्या पोत्यावर पडून होता.

इथवर रिचर्ड हेड आणि मी एकाच माळेचे मणी. मला बरं वाटत होतं. म्हटलं, आपलंही काही चुकलं नव्हतं.

पण पुढं दोन गोष्टी आल्या, तिथं मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पहिली ही. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. त्या माणसानं काय केलं, तर शेजारच्या हद्दीत हेन्रिएटा नावाच्या गावी बिऱ्हाड हलवलं. पोरीला खेळता यावं म्हणून. तू अकरावीला सांगलीच्या होस्टेलचं नाव काढलंस तेव्हा मी आठ दिवस जेवताना तोंड उघडलं नव्हतं.

दुसरी गुडघ्याची. १९७४ साली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, तिच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला. तुझा गेला तोच. त्या काळी अशा दुखण्यानंतर बाईमाणसानं पुन्हा खेळायचं असतं, हे डॉक्टरच्याही डोक्यात नव्हतं. खेळ विसरा, म्हणाला. तेव्हा हा कमी बोलणारा बाप बोलला. गुडघा नीट करा, ही ऑलिंपिकला जाणार आहे, अशा अर्थाचं. मुलींचं बास्केटबॉल तोवर ऑलिंपिकमध्ये आलेलंही नव्हतं! ते पहिल्यांदा आलं १९७६ला, माँट्रियलला. आणि ती तिथं अमेरिकेची सहकर्णधार होती. रौप्यपदक घेऊन आली. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण.

आपल्याला डॉक्टरनं तेच सांगितलं होतं. तू टेबलावर बसलेली, पाय लांब केलेला. डॉक्टर म्हणाला, "खेळ आता पुरे." तू माझ्याकडं बघितलंस. आणि मी म्हणालो, "ऐकलंस ना? पुरे."

तुझ्याकडं बघून मला भीती वाटली होती, एवढंच खरं. ती मी शहाणपण म्हणून सांगितली. तू नंतर बी.पी.एड. केलंस, एम.पी.एड. केलंस, हातात शिट्टी घेतलीस, ते सगळं तुझ्या बळावर. त्या दिवशी माझ्या तोंडून दुसरं वाक्य निघालं असतं तर गुडघा बरा झालाच असता असं मी म्हणत नाही. पण वाक्य निघायला पाहिजे होतं.

असो.

आता तुझ्या कामाचं. या बाईतलं काय घ्यायचं ते तू ठरव, पण मास्तर म्हणून मला जे पटलं ते सांगतो. तिच्या पोरींनी वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. तास बुडवला तर सामना बुडाला, मग ती कितीही मोठी खेळाडू असो. ज्या पोरी तिच्याकडं पूर्ण वर्षं खेळल्या, त्या सगळ्या पदवीधर झाल्या. सगळ्या. ३८ वर्षांत. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही तुकडीबद्दल मला असं म्हणता आलं नाही. मला विचारशील तर त्या आठ कपांच्या आधी हे लिहायला पाहिजे. दुसरं, सरावाला ती मुलांना बोलवायची, पोरींच्या विरुद्ध खेळायला, म्हणजे त्यांना उंची आणि वेग सोसायची सवय लागावी. हे पुण्यात तुला सहज जमेल, सीनियर पोरं मोकळीच असतात.

न पटलेलंही सांगतो. रात्री पार्टी करून आलेल्या पोरींना धडा शिकवायला कोर्टाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवून ओकेपर्यंत पळवलं, असं तिच्याबद्दल सांगतात. आणि ती नजर! तिच्या त्या निळ्या नजरेला सगळ्या टरकून असायच्या. तू दोन्हीच्या वाटेला जाऊ नकोस. डब्यांचं तर नाहीच. आपल्या एप्रिलमध्ये कुणीतरी कोसळेल. आणि नजर तुझ्याकडं आहेच, ती माझीच आहे, तिचा काय उपयोग होतो ते तुला माहीत आहे.

पण नुसती नजर असती तर पोरी आयुष्यभर तिला धरून राहिल्या नसत्या. घरी बोलावून स्वतःच्या हातानं रांधून वाढायची. एका नव्या पोरीला पहिल्या सामन्याआधी तिनं हातानं पत्र लिहिलं होतं. तिच्याकडच्या कितीतरी जणी पुढं स्वतः प्रशिक्षक झाल्या. विद्यापीठानं मुलांच्या संघाचं प्रशिक्षकपद घेणार का, म्हणून दोनदा विचारलं, तर हिनं उलट विचारलं की त्याला बढती का म्हणायची? हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. तिनं लाटणं थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

विमानाची गोष्ट मात्र आईला अजिबात आवडली नाही. १९९०च्या सप्टेंबरमध्ये दिवस भरलेले असताना बाई एका खेळाडूला भेटायला पेनसिल्व्हेनियाला गेल्या, आणि तिथंच कळा सुरू झाल्या. परतताना पायलट म्हणाला व्हर्जिनियात उतरू, तर ही नको म्हणाली, कारण त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघानं यांना हरवून अंतिम चौघांत जाऊ दिलं नव्हतं, आणि ती अंतिम फेरी यांच्याच नॉक्सव्हिल गावात होती. मुलगा टेनेसीतच झाला. "बाईला खुळ लागलं होतं," आई म्हणाली. ती खेळाडू आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, मग हिच्याकडं आली आणि १९९६चा कप जिंकून देऊन गेली, हे सांगून पाहिलं. आईचं मत बदललं नाही.

शेवटची प्रकरणं मी भराभर वाचली. नीट वाचवेनात. २०११ला, ५९व्या वर्षी, तिला अल्झायमर निघाला. सामना चालू असताना कुठला डाव सांगायचा ते आठवेना, म्हणून तपासायला गेली होती. आजीचं शेवटचं वर्ष तुला आठवत असेल. पहाटे चारला उठून विचारायची, चांदीला वैरण टाकली का? चांदी विकून दहा वर्षं झाली होती. ही बाई ऑगस्टमध्ये आजार जाहीर करून आणखी एक हंगाम बाकावर बसली, सहकाऱ्यांच्या हाती बरंच सोपवून. त्या वर्षी तिचा शेवटचा सामना हरली ती बेलर विद्यापीठाकडून, आणि बेलरची तेव्हाची प्रशिक्षक किम मल्की ही तिच्याच १९८४च्या ऑलिंपिक संघातली पोर. २०१२च्या एप्रिलमध्ये पद सोडलं, २०१६च्या जूनमध्ये गेली. ६४ वर्षांची होती.

आणि हे पुन्हा वडलांचं. त्या रिचर्ड हेडनं पोरीला पहिल्यांदा मिठी मारली ती १९९६चा कप जिंकल्यावर. ती ४३ वर्षांची होती तेव्हा. घर हलवलं, डॉक्टरला बजावलं, आणि जवळ घ्यायला ४३ वर्षं. वाचल्यावर मला त्याचा रागही येईना आणि त्याला शाबासही म्हणवेना. मी तर घरही हलवलं नाही.

मिठीबिठी मला जमेल असं वाटत नाही, चारचौघांत तर नाहीच. पण येत्या शनिवारी तुमचा सामना आहे म्हणतेस, तर मी येतोय. शेजारच्या शिवाजीला दोन वेळच्या धारेचं सांगून ठेवलंय, तो कासंडी घेऊन शुक्रवारीच बघून जाणार आहे. पहाटेच्या एस.टी.नं निघालो की दुपारी स्वारगेटला. तिथून कुठल्या बसनं यायचं ते सविस्तर लिहून पाठव, मेसेज चालेल. रिक्षा नको सांगू, पैसे फुकट जातात. आणि फाऊल किती झाले म्हणजे खेळाडू बाहेर जाते ते मला अजून कळलेलं नाही, आल्यावर समजावून सांग. पुस्तक बरोबर आणतो. १८४व्या पानावर चहा सांडलाय.

तुझे,
आबा

ता.क. काळी काल व्याली. रेडी झाली. आई म्हणते, जर्सी धुवायचा साबण पुण्यात घेऊ नकोस, इथून दोन वड्या आबांकडं देते. घामाचे डाग त्यानंच निघतात.