शनिवारची बैठक आणि रात्रीची स्तोत्रे

प्रिय बंधुभगिनींनो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता नाशिकरोडला नेहमीच्या जागी जमायचे आहे.

आपण मठात राहत नाही. कुणाला सातपूरची रात्रपाळी, कुणाच्या घरी आजारी सासूबाई. दिवसभरातल्या साऱ्या प्रार्थनावेळा पाळता आल्या नाहीत तर मन खट्टू करू नका. झोपण्यापूर्वीची प्रार्थना मात्र सोडू नका. संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत तिच्यासाठी बायबलमधील रोज तीच ३ स्तोत्रे आहेत: ४, ९१ आणि १३४. रोज तीच, म्हणून दिवा मालवूनही म्हणता येतात. आपल्या एका भगिनीने ९१ वे कणीक मळता मळता पाठ केले. वहीच्या पानावर पिठाची बोटे आहेत. ते पान पाहून फार आनंद झाला.

बायबल आणा, मोबाइल बंद ठेवा. पहिली २० मिनिटे मौन वाचन. उशीर झाला तरी परत फिरू नका, आत येऊन शांतपणे मागे बसा.