काट्यावर माझ्या पाठीशी उभे राहिलात, मामा

प्रिय मामा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचणार नाही. पण चिकोडी, निपाणी, खानापूरकडची आपल्या चर्चच्या मंडळीतली कितीतरी पोरं-पोरी वजनकाट्यावर, वखारीत, दुकानाच्या गल्ल्यावर बसतात. त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मनापासून वाटतं.

गेल्या हंगामात वजनकाट्यावर लागले, तेव्हा माझी समजूत अशी होती की मोह म्हणजे कुणीतरी पाकीट पुढे सरकवणार आणि आपण नाही म्हणणार. तसलं काही घडलंच नाही. उसाची ट्रॉली यायची, भरल्या गाडीचं वजन व्हायचं. ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर आली की टोळीतले दोघं-तिघं गडी ट्रॉलीतच बसून राहायचे. पडद्यावरचा आकडा खराच असायचा. खोटं काही टाइप करायचं नव्हतं, फक्त मान वर करून खिडकीबाहेर बघायचं नव्हतं. खरेदीदाराचा माणूस गोड आवाजात म्हणायचा, "ताई, यात तुमचं काय जातंय?"

पहिल्याच आठवड्यात घाबरून तुमच्याकडे धावत आले. आयुष्यभर काटा सांभाळलेला तुमच्यासारखा माणूस मंडळीत होता, ही देवाचीच कृपा. तुम्ही उपदेश केला नाहीत. माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडलात. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा होतं, म्हणून ते जितकं फुगेल, तितका ऊस कमी भरतो. तीन गडी म्हणजे दोन क्विंटलच्या आसपास. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी उसाला टनामागे ३,५०० रुपये मागत रस्त्यावर बसले आणि शेवटी ३,३०० वर मिटलं. त्या भावानं दोन क्विंटलचे ६६० रुपये, तेही एका खेपेला. रस्त्यावर बसून मिळवलेलं माझ्या खिडकीत गपचूप जाणार होतं. त्या पानानंतर 'माझं काय जातंय' हा प्रश्नच उरला नाही.

मग बायबलमधला उत्पत्तीचा ३९ वा अध्याय काढलात. योसेफाची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ होती, पण त्याच्या मालकाची, पोटीफराची, बायको त्याला मोहात पाडायला रोज रोज त्याच्याशी बोलत होती, यावर तुम्ही बोट ठेवलंत. एकदा नाही म्हणून भागत नाही, दुसऱ्या दिवशी तेच माणूस तेच विचारायला पुन्हा येतं. "पोरी, ठरवायचं ते घरातच ठरवून जा. काट्यावर गेल्यावर डोकं चालत नाही. तोंडातून वाक्य कुठलं काढायचं, तेसुद्धा ठरव." आणि अंगणात मामींना त्या माणसाच्या जागी उभं करून माझ्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंत: "गडी खाली उतरू देत, मग वजन घेते."

एवढंच वाक्य. कुणाला चोर म्हणायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पण गाडी ओळखीच्याची असो की परक्याची, तेच म्हणायचं आणि शेतकऱ्याला बोलावून आकडा त्याच्याच तोंडून वाचून घ्यायचा.

मालक चिडले. "गिऱ्हाईक तोडतेस" म्हणाले, कामावरून काढायची भाषा झाली. त्या दिवसांत तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं बस पकडून संध्याकाळी काट्यावर येत होतात, बाकड्यावर बसून राहायचात. मालकांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारायचात, माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही नुसते तिथे असल्यानं माझा आवाज कापायचा थांबला. एकटीनं हे निभावलं असतं असं मला वाटत नाही. प्रार्थना तर मी घरीही करत होते, पण देवानं तिचं उत्तर बऱ्याचदा बाकड्यावर बसलेल्या तुमच्या रूपानं दिलं, असं मी मानते.

नोकरी टिकली. बोनस मात्र मिळाला नाही आणि बाबांच्या औषधांमुळे तो नाताळ ओढाताणीचा गेला. मामींनी करंज्यांचा डबा पाठवला, तांदूळ पाठवले, वर कशाचाही उल्लेख नाही. आईला अजून ते आठवलं की भरून येतं.

आता एक मागणं. यंदा काट्यावर माझ्या हाताखाली एक नवा मुलगा येतोय, आणि तरुण संघातल्या दोघींना वखारीत काम मिळालंय. हंगाम सुरू व्हायच्या आत एका रविवारी मराठी उपासनेनंतर त्यांच्यासोबत बसाल का? वही मी आणते. मामींनाही घेऊन या, खरेदीदाराचा माणूस त्यांच्याइतका झकास दुसऱ्या कुणाला जमत नाही.

तुमची,
काट्यावरची पोरगी