बॅरनच्या घोड्यालाही नाव होतं

प्रिय बार्डराव,

सात महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. पिल्लाचा फोटो बघितला, वहिनींना दाखवून दाखवून सांगावं इतका तुझ्यावर गेलाय, आणि तरी साधं अभिनंदनही केलं नाही, चुकलंच माझं. माझी पाठ अधूनमधून धरते, बाकी ठीक. पण शनिवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर, जिथे मी डीएम म्हणून गोष्ट चालवतो आणि बाकीचे पात्रं होतात, तिथे जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अरे गेमच आहे ना" म्हणून मोकळे होतील, म्हणून तुला लिहितोय.

या कॅम्पेनचा, म्हणजे सध्या चाललेल्या गोष्टीचा, व्हिलन मी झील द रे या पंधराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारावरून घेतला. नाव बदललं, टेबलावर तो नुसता बॅरन, बाकी माणूस जसाच्या तसा, कारण त्याचं कॅरेक्टर शीट इतिहासानेच भरून ठेवलंय. १४२९ मध्ये ऑर्लेआँला जोन ऑफ आर्कच्या बाजूने लढला, त्याच वर्षी फ्रान्सचा मार्शल झाला, म्हणजे सरळ सरळ पॅलाडिन, शपथ घेतलेला धर्मवीर. १४३१ ला जोनला जाळलं. मग याची उधळपट्टी, ऑर्लेआँच्या वेढ्यावर स्वतःच्या पैशाने केलेलं भलंमोठं नाटक, जमिनी विकायचा सपाटा, इतका की घरच्यांनी राजाकडून विक्रीवर बंदी आणवली, आणि पैसा संपत आला तसं सोनं बनवायचं वेड, प्रेलाती नावाचा एक इटालियन, आणि सैतानाला बोलावायचे प्रयोग. शपथ मोडलेला पॅलाडिन सैतानाशी सौदा करणारा वॉरलॉक होतो, मला काही रचायलाच लागलं नाही रे. आणि मग मुलं. किल्ल्यावर भीक मागायला गेलेली, परत न आलेली. त्यांच्या खुनांसाठी १४४० च्या ऑक्टोबरात नांतला त्याला फाशी दिलं.

(तो निर्दोष होता म्हणणारेही आहेत, त्याच्या जमिनींवर ब्रिटनीच्या ड्यूकचा डोळा होता, १९९२ मध्ये फ्रान्समध्ये एक नकली कोर्ट भरवून त्याला सोडूनही दिलं, हे मला माहीतेय. तू मध्ये तोंड घालणार म्हणून आधीच लिहून टाकलं.)

तर शनिवारी शेवटचा सीन, न्यायालय. आपला पॅलाडिन उठला आणि बॅरनला म्हणाला, तू एके काळी कुणाच्या शेजारी उभा राहून लढलास ते आठव. मी म्हटलं टाक परस्युएजन, मन वळवायचा फासा. नॅचरल ट्वेंटी, विसापैकी वीस! टेबल नुसतं पेटलं. मग मी पण वाहवत गेलो, बॅरनला गुडघ्यांवर आणला, रडवला, माफी मागायला लावली, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं मी आजवर कधीच चालवलेलं नाही. दोघांच्या डोळ्यांत पाणी. टाळ्या पडल्या.

क्लेरिक, म्हणजे पुजारीण खेळणारी, तेवढी गप्प. तिने आपले फासे एकेक करून पिशवीत टाकले आणि विचारलं, "त्या पोरांची नावं काय होती?"

माझ्याकडे नव्हती. अकरा पानं नोट्स आहेत बॅरनवर. त्याच्या घोड्यालाही नाव दिलंय. मुलांच्या जागी नुसतं "गावातली मुलं, बरीच" असं लिहिलंय.

घरी येऊन झोप लागेना. कारण नांतच्या खऱ्या खटल्यात आईबाप येऊन बोलले होते, कुणाचं पोर, किती वर्षांचं, शेवटचं कुठे दिसलं, ते सगळं कागदावर आहे आणि मी ते वाचलंय! वाचून बाजूला ठेवलं, कारण प्लॉटला लागत नव्हतं. आणि तिथेही शेवटी हेच झालं होतं, तो रडला, त्या आईबापांची क्षमा मागितली, आणि लोक त्याच्यासाठी प्रार्थना करत मिरवणुकीने निघाले. आम्ही शनिवारी तेच केलं, फक्त फासे टाकून.

मग आपलं एलिझाबेथ बाथरीवरून, मुलींना मारल्याचा आरोप असलेल्या त्या हंगेरीच्या सरदारणीवरून, झालेलं भांडण आठवलं. तू तुझ्या गेममध्ये तिच्या आंघोळीला रक्ताचा हौद ठेवलास, मी उसळलो, की बाई १६१४ ला मेली आणि रक्ताच्या आंघोळीची गोष्ट पहिल्यांदा छापून आली १७२९ ला, तिच्यावर कधी खटलाही चालला नाही, राजा तिच्या नवऱ्याचं देणं लागत होता. तू म्हणालास टेबलावर कोर्ट भरवू नकोस. तीन आठवडे अबोला. हौदाबद्दल माझंच बरोबर होतं, आजही म्हणतो. पण अख्खी रात्र आपण त्या बाईवर भांडलो, ती राक्षसीण की बिचारी, आणि तिच्या वाड्यात कामाला असलेल्या मुलींबद्दल तूही बोलला नाहीस, मीही नाही. गेममधल्या स्ट्राड व्हॅम्पायरचं वेगळं आहे, त्याने मारलेली माणसं कधी जन्मालाच आली नव्हती, त्याला हवा तेवढा देखणा आणि दुःखी करा. इथे मी खऱ्या माणसाचं दुःख उचललं आणि त्याने दुसऱ्यांना दिलेलं तिथेच टाकून आलो.

आधी वाटलं कॅम्पेन बंद करावं. पण क्लेरिकच म्हणाली, बंद केलंस तर बॅरन रडला तिथेच गोष्ट संपेल. म्हणून या शनिवारी फाशीच्या आदली रात्र खेळायची. बॅरन सीनमध्ये नाही. प्रत्येकाला एक आई किंवा बाप. खरी नावं वापरायला माझा हात धजत नाही, पण प्रत्येकाला नाव आहे, धंदा आहे, आणि पोर त्या दिवशी काय करायला गेलं होतं ते आहे. फासे टाकायचेच नाहीत. कुणाला नको वाटलं तर हात वर करायचा, सीन तिथे थांबेल.

एक बाप उरलाय. चांभार, मुलगा नऊ वर्षांचा. तू करशील का, व्हिडिओवर? तुझं पोर एवढंसं आहे, विचारावं की नाही यातच दोन दिवस गेले, नको असेल तर नुसतं नको म्हण, मी कारण विचारणार नाही. पण त्या मिमिक पेटीसमोर, ती पेटीचं सोंग घेतलेला राक्षस आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना, तू अर्धा तास गात बसला होतास आणि आम्ही सगळे हसायचं विसरून ऐकत होतो, तो आवाज मला पाहिजे आहे.

रात्री नऊला लिंक पाठवतो. या वेळी बार्डचं ल्यूट वाजवणं नको.

तुझा,
डीएम